आवळीखालची निळी शेगडी

जानकी परबवर लिहायचं तर आधी तिचा हेवा लिहायला हवा. माणूस गेलं की लोक त्याच्या चांगुलपणावर लिहितात आणि वाचणाऱ्याला जांभया येतात. जानकी चांगली होतीच, पण तशा चांगल्या बायका आमच्या बिल्डिंगमध्ये घरटी एक होत्या. तिच्याइतका मनापासून हेवा करणारी मात्र दुसरी मी पाहिली नाही, आणि मी तीस वर्षं शाळेच्या टीचर्स रूममध्ये काढलेली आहेत.

मुलुंड पश्चिमेला डोंगराच्या पायथ्याशी आमची तीन मजली इमारत, चोवीस बिऱ्हाडांची. मागच्या पायवाटेनं अर्धा तास चढलं की एक झरा लागायचा आणि झऱ्याशी आवळीचं मोठं झाड. कार्तिकात आवळीखाली रांधून जेवायचं, ही आमच्याकडे जुनी चाल. इमारत उभी राहिली त्या वर्षापासून महिला मंडळानं ती धरून ठेवली होती. एका रविवारी सगळ्या बायका मुलंबाळं घेऊन वर जायच्या. उसळ, भाजी, खीर घरून करून नेली तरी चालायची. भात मात्र झाडाखालीच शिजायला हवा, आणि एकाच टोपात. त्यातलाच पहिला घास झाडाला आणि त्यातलाच भात पंगतीला. दोन टोपांत भात केला तर नैवेद्य एकीकडचा आणि जेवण दुसरीकडचं होतं, असं आमच्या बायकांचं म्हणणं. त्याला आधार काय, ते कोणी विचारलं नव्हतं.

हा भात जानकी करायची.

मालवणकडची बाई. वय पन्नाशीच्या आसपास, अंगानं काटक, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तीस वर्षं मुंबईत राहून तिची मालवणी अर्धीमुर्धी झिजली होती. रागावली की सगळी परत यायची. आवळीखाली पोचली की ती पदर खोचायची आणि मूठभर माती उचलून हळूहळू सोडायची. माती कुठे उडते ते बघून तीन दगड मांडायची, चुलीचं तोंड वाऱ्याकडे पाठ करून. मग हुकूम सुटायचे. "गो बाय, थय उभी रवू नको, धूर तुझ्याच डोळ्यांत जातलो." "शेवंती, बारीक लाकूड दे, ह्यां नको, ह्यां ओलां आसा." आमच्या मंडळाची सेक्रेटरी रत्नप्रभा, जी एरवी चोवीस बिऱ्हाडांना नाचवायची, ती त्या दिवशी काटक्या वेचून आणायची. पस्तीस माणसांचा भात. जानकी झाकण काढून बघायची नाही, टोपाजवळ कान नेऊन ऐकायची.

तो दिवस सोडला तर वर्षभर तिला कोणी काही विचारत नसे. नवरा धाकू गिरणीत होता. ब्याऐंशीच्या संपानंतर गिरणी सुटली आणि तो विक्रोळीला एका कारखान्यात वॉचमन लागला. तळमजल्यावर एक खोली आणि मोरी. स्वयंपाक वातीच्या स्टोवर. गॅससाठी एकोणऐंशी साली नाव नोंदवलेलं. दर महिन्याला धाकू एजन्सीत जाऊन यायचा आणि "अजून नाय" एवढं सांगून चपला काढायचा. तेव्हा गॅस मिळणं म्हणजे काय होतं, ते आजच्या मुलींना सांगून कळणार नाही. लोक लग्न ठरवताना विचारायचे, घरात गॅस आहे का.

चौऱ्याऐंशीच्या पावसाळ्यात दुसऱ्या मजल्यावर कुंदा राहायला आली. तिशीतली, टेलिफोन खात्यात नोकरी, नवरा मार्तंड ट्रॉम्बेला प्रयोगशाळेत. दोघांनाही डोंगर चढायची हौस. रविवारी पाठीवर पिशव्या टाकून निघायची ती संध्याकाळी उन्हानं लाल होऊन परतायची. आमच्याबरोबर पहिल्यांदा आवळीभोजनाला आली तीही पंजाबी ड्रेस घालून, आणि वर पोचल्यावर तिनं कॅनव्हासच्या पिशवीतून एक निळी टाकी काढली. कळशीपेक्षा लहान, तिच्याच डोक्यावर बर्नर, भांडं टेकायला चार लोखंडी पाती. चावी फिरवली, काडी लावली आणि चहाचं आधण ठेवून मोकळी झाली.

जानकी तिकडे चुलीत फुंकत होती. लाकडं धुमसत होती. डोळ्यांतलं पाणी पुसून तिनं वर बघितलं, तर तिच्याभोवती कोणी नव्हतं. सगळ्या जणी त्या निळ्या टाकीभोवती गोल करून उभ्या.

"ह्यां काय, खेळणां?" जानकीनं बसल्या जागेवरून विचारलं.

"शेगडीच आहे, काकू. आम्ही गडावर नेतो. चहा घेता ना?"

"माका नको. आज माझो उपास."

पुढे पंगतीत ती दोनदा भात घेऊन जेवली. उपासाचं कोणाच्या लक्षात राहिलं नव्हतं, आणि तिच्याही.

खाली उतरताना ती माझ्याबरोबर मागे राहिली. मी शाळेत शिकवते म्हणून सगळे मला बाई म्हणत. "बाई, तिच्याकडे दोन दोन गॅस. एक घरातलो, एक फिरूचो. आणि माझो एक नंबर लागत नाय पाच वर्षां. ह्यां कसलां गो?"

"तो फिरायचा बाजारात विकत मिळतो. त्याला नंबर लागत नाही."

"मगे तुम्ही कित्याक घेतलो नाय?"

मलाही तो हेवा वाटला होता, जानकीपेक्षा वेगळा. माझ्याकडे पगार होता, सुट्ट्या होत्या, पाय धड होते. तरी असं काही घ्यावं आणि डोंगरात जाऊन चहा करावा, हे मला चाळीस वर्षांत सुचलं नव्हतं. जिला सुचलं ती माझ्याहून दहा वर्षांनी लहान होती आणि माझ्या वरच्या मजल्यावर राहत होती. असं माणूस आवडणं कठीण असतं.

त्यानंतरचं वर्षभर जानकीचा एक डोळा जिन्यावर होता. रविवारी सकाळी कुंदा आणि मार्तंड पिशव्या घेऊन उतरले की ही दारात उभीच. "चालली गो टाकी हवा खाऊक," असं शेजारच्या मोरीत भांडी घासणाऱ्या शेवंतीला ऐकू जाईल इतपत मोठ्यानं म्हणायची. एकदा मला विचारलं, "त्याचो गॅस कदी संपता?"

"संपला की भरून आणतात."

"असा. संपतच नाय म्हणजे."

हे तिनं अशा आवाजात म्हटलं, जसं कोणी एखाद्याच्या तब्येतीबद्दल म्हणावं.

पंच्याऐंशीच्या दिवाळीनंतर वनखात्याचा राखणदार येऊन सांगून गेला: डोंगरावरचं लाकूड तोडायचं नाही, वेचायचंही नाही. रत्नप्रभानं आपल्या घरी मीटिंग बोलावली. पाच मिनिटांत ठरलं. यंदा भात कुंदाच्या शेगडीवर.

"जानकी, तू यंदा आराम कर बाई," रत्नप्रभा म्हणाली. "किती वर्षं धूर खाल्लास."

हे रत्नप्रभानं चांगल्या मनानं म्हटलं होतं. जानकीनं पुढ्यातली पोह्यांची बशी तशीच ठेवली आणि "ह्यांची पाळी बदलल्यानी, जाऊक व्हया," म्हणून उठली.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून येत होते तर फाटकात मला अडवलं. "बाई, तुम्ही शिकलेल्या. माका सांगा, आवळीखाली गॅस चलता? शास्त्रात काय लिवलंहा?"

"शास्त्रात गॅसबद्दल काही लिहिलेलं नाही, जानकी."

"लिवलेला नाय म्हणजे चलत नाय."

"मग स्टोही चालत नाही. लाईटही चालत नाही."

"लाईटवर नैवेद्य करीत नाय कोण," ती म्हणाली आणि आत गेली. मला वाटलं, ही यंदा येत नाही. पण आली. तिचा टोपही आला, कारण पस्तीस माणसांचा भात मावेल असा टोप दुसऱ्या कोणाकडे नव्हता. तो तिनं स्वतः डोक्यावरून वर नेला, दुसऱ्या कोणाच्या हाती दिला नाही.

कुंदानं दोन लहान पातेली आणली होती. तिचं म्हणणं, या शेगडीवर एवढा टोप नको, दोन खेपांत करू. रत्नप्रभा ऐकेना. "भात एकाच टोपातला हवा. दोन केले तर झाडाला कुठला दाखवायचा?" कुंदानं खांदे उडवले आणि टोप चढवला. निळी टाकी त्याच्याखाली दिसेनाशी झाली.

आणि वारा सुटला. कार्तिकात डोंगरावर दहाच्या सुमाराला सुटतो तसा, जमिनीलगत. ज्योत सगळी एका बाजूला पळायला लागली. कुंदा सतरंजी धरून आडोसा करून उभी राहिली, मग तिचे हात दुखले, मग शेवंती उभी राहिली. पाऊण तास गेला. पाण्याला बुडबुडा नाही. मुलं खिरीच्या डब्याभोवती घिरट्या घालायला लागली. जानकी लांब एका खडकावर बसून आवळे निवडत होती. ती इतक्या शांतपणे आवळे निवडताना मी कधी बघितली नव्हती.

शेवटी रत्नप्रभा वळली. "जानकी, बघ ना जरा."

जानकीनं हातातला आवळा आधी पुसून टोपलीत ठेवला. मग उठली, पदर खोचला, मूठभर माती घेऊन सोडली. कुठून वारा येतो ते एव्हाना पोराटोरांनाही कळलं होतं. तरी तिनं माती सोडली. मग ती दगड आणायला लागली. तीन नव्हे, दहा-बारा. शेगडीभोवती तिनं चूल बांधली. मधल्या फटी झऱ्याकाठच्या ओल्या मातीनं लिंपल्या. एका बाजूला, वाऱ्याच्या पाठीकडे, चुलीला असतं तसं वीतभर तोंड ठेवलं. लाकूड घालायचं नव्हतं, पण चूल म्हटली की तोंड हवंच. दगड टोपाच्या बुडापर्यंत नेले. टाकी, बर्नर, चावी, सगळं आत.

ज्योत सरळ झाली. दहा मिनिटांत आधण खळखळायला लागलं. तांदूळ वैरले.

"हात लागतो तो असा," शेवंती म्हणाली. रत्नप्रभा म्हणाली, "यंत्र कुणाचंही असू दे, अक्कल आपलीच लागते." बायका पुन्हा जानकीभोवती गोळा झाल्या. तिनं टोपाजवळ कान नेला. वर्षभराचं सगळं तिच्या चेहऱ्यावरून उतरलं होतं. मग तिनं मान वर करून कुंदाला शोधलं. कुंदा तिच्याकडेच बघत होती आणि हसत नव्हती.

कुंदा उकिडवी बसली, चुलीच्या तोंडाशी हात नेला आणि पटकन मागे घेतला. "काकू, दगड काढा. टाकी तापतेय."

"तापांदे. तापल्याशिवाय भात शिजता?"

"बर्नर तापू दे. टाकी तापून चालत नाही, आत गॅस आहे. काढा लवकर."

"पाऊण तास पाणी तापत नव्हतां तेव्हा गप होतंस," जानकी म्हणाली, आवाज न चढवता. "आता माझ्या हातान शिजता तर तुझ्या पोटात दुखूक लागलां."

बायका हसल्या. कुंदाचा चेहरा लाल झाला. जानकीनं तो लाल चेहरा बघितला आणि तिची खात्रीच पटली. हेव्याचं दुखणं तिला बरोबर ओळखू येत होतं, दुसरं कोणतंही दुखणं तिनं एवढ्या जवळून बघितलं नव्हतं.

ज्योत आता दगडांच्या वरून बाहेर यायला लागली होती. आवाज बदलला होता, स्टोला जास्त पंप मारल्यावर येतो तसा. "बघा, जानकीनं हात लावला आणि कशी पेटलीय," रत्नप्रभा कौतुकानं म्हणाली.

मी इतिहास शिकवते. पण बंद डबा विस्तवावर तापवू नये, एवढं मला कळत होतं. मी जागची उठले नाही. कुंदाचा पडलेला चेहरा बघताना मला बरं वाटत होतं, आणि ते बरं वाटणं आणखी थोडं टिकावं असं वाटत होतं. ते असंच होतं.

"चावी कुठाय?" कुंदा विचारत होती. चावी दगडामागे गेली होती, लिंपलेल्या बाजूला. तिनं एक दगड ओढून बघितला, हात भाजला. मग ती उभी राहिली आणि तिनं चपलेनं चुलीला लाथ मारली. एकदा, दोनदा. दगड ढासळले, टोप कलंडला आणि अर्धा शिजलेला भात पाचोळ्यात सांडला. जानकी टोप धरायला झेपावली. टोप हाती लागला नाही. डावा पंजा सबंध टाकीवर पडला. तो तिनं तसाच ओढून पदराखाली घेतला. कुंदानं हाताला ओढणी गुंडाळून चावी बंद केली आणि कळशीभर पाणी टाकीवर ओतलं. चर्र झालं, वाफ उठली.

मुलं सांडलेल्या भाताभोवती गोळा झाली.

"नैवेद्याचा भात," रत्नप्रभा म्हणाली. "लाथेनं."

"फुटली असती ती. हात लावून बघा."

रत्नप्रभानं हात लावला. "कोमट आहे."

"पाणी ओतल्यावर कोमटच लागणार." कुंदा वळली. "काकू, तुमचा हात लागला ना टाकीला? सांगा यांना."

सगळ्यांनी जानकीकडे बघितलं. जानकीचा डावा हात पदराखाली होता. मी बाजूलाच होते. तो टाकीवर पडलेला मला दिसला होता. खरं बोलली तर भात तिच्या चुलीनं गेला. नाही बोलली तर कुंदाच्या मत्सरानं. पुढच्या वर्षी आवळीखाली विस्तव कोणाच्या हाती द्यायचा, ते या एका उत्तरावर होतं, आणि तिथल्या प्रत्येक बाईला ते माहीत होतं.

"माका काय म्हायत नाय," जानकी म्हणाली.

कुंदानं ओली टाकी पिशवीत घातली आणि एकटी खाली उतरली. झाडाला त्या वर्षी केळ्याचा नैवेद्य झाला. आम्ही उसळ नुसती खाल्ली.

पुढचे दोन महिने जानकीसारखं सुख बिल्डिंगमध्ये कोणाला नव्हतं. बायका तिला दारात थांबवून विचारत, "भात अगदी होत आलेला ना गं?" ती म्हणायची, "एक वाफ रवलेली." कुंदाशी जिन्यात बोलणं बंद झालं. कोणाकडची वाटी वर जाईना, वरची खाली येईना. ती नोकरीला जाताना मान सरळ ठेवून उतरायची. आधी उतरताना गुणगुणायची, ते थांबलं.

जानकीच्या हाताला चिंधी होती. स्टोनं भाजलं, असं तिनं धाकूला सांगितलं. मलाही तेच सांगितलं. मी मलम दिलं, चिंधी सोडून बघितली, सबंध तळव्याला फोड होता. स्टोनं तसं भाजत नाही. मी विचारलं नाही.

मलम लावून झाल्यावर एकदा म्हणाली, "बाई, खरांच ती माझो हेवो करता?"

"सगळ्या म्हणतात तसं."

"पण माझ्याकडे आसा काय हेवो करूक?"

"हात आहे की तुझा."

"हां. हात आसा," ती म्हणाली, आणि दोघींनीही चिंधीकडे बघायचं टाळलं.

जानेवारीत संक्रांतीच्या हळदीकुंकवाची मीटिंग झाली, पुन्हा रत्नप्रभाकडेच. आमच्याकडे आमंत्रणाची कामगिरी दर वर्षी एकीकडे असायची. तिनं कुंकवाची कोयरी घेऊन दारोदार जायचं, प्रत्येक सवाष्णीला कुंकू लावून बोलावणं करायचं. त्या वर्षी पाळी जानकीची होती. रत्नप्रभानं यादी वाचली. वाचून झाल्यावर म्हणाली, "दुसऱ्या मजल्यावर पाचच घरं घेतलीत. सहावं यंदा नको. कोणाची हरकत?"

कोणाची नव्हती. माझीही नव्हती, म्हणजे मी बोलले नाही.

जानकीनं यादी हातात घेतली. तिला वाचता जेमतेम यायचं. बोट फिरवत ती दुसऱ्या मजल्याशी थांबली.

"सगळ्या दारांत जायचां आणि मधला एक दार सोडून पुढे जायचां?" तिनं विचारलं.

"एवढं काय त्यात. चाल पुढे."

"दार उघडां असलां तर?"

"तर नमस्कार कर आणि पुढे जा. जानकी, तुझ्यासाठीच करतोय हे सगळं."

जानकीनं यादी खाली ठेवली. "हळदीकुंकवाक सवाष्ण टाकूची नाय," ती म्हणाली. "आमच्यात वैऱ्याच्या घरची टाकीत नाय." मग डावा हात उघडून तिनं रत्नप्रभाच्या पुढे धरला. तळव्यावर गुलाबी, तुकतुकीत कातडी आली होती, बोटांच्या मुळापर्यंत. "ह्यां बघ. स्टो नाय तो. ती टाकी. तिना लाथ मारूक नाय असती तर तुमी आज हय पोहे खाऊक नसतास."

रत्नप्रभानं तो तळवा जवळ ओढून बघितला.

"मग तेव्हाच का नाही बोललीस?" रत्नप्रभानं विचारलं.

"बोलाक नाय," जानकी म्हणाली. "तेव्हा बोलाक नाय, आता बोलतंय. लिव तिचां नाव."

रत्नप्रभानं लिहिलं. मग थोडी खजील होऊन, भरपाई करावी तशी म्हणाली, "म्हणजे मग पुढच्या वर्षी भात कुंदाकडेच द्यावा."

"असा मी खय म्हटलंय?" जानकीचा आवाज चढला. "टाकी तापलेली म्हटलंय. भात दिलंय म्हणून नाय म्हणाक. लाकडां वखारीतसून आणू, राखणदार काय बोलाचो नाय. चूल माझी आसा."

त्याच दिवशी संध्याकाळी ती कोयरी घेऊन कुंदाच्या दारात गेली. काय बोलणं झालं ते मी सांगू शकत नाही. मी माझ्या दारात कान देऊन उभी होते, पण दोघी हळू बोलत होत्या. दोन मिनिटांत परत आली. "येता म्हणाली," एवढंच सांगितलं. आणि जिन्यावरून उतरताना पुटपुटली, "घरात फ्रीजपण आसा."

शहाऐंशीच्या कार्तिकात आम्ही वखारीतलं लाकूड पोत्यात घालून वर नेलं. जानकीनं तीन दगड मांडले. कुंदानं निळी शेगडी वीस पावलांवर लावली, एका मोठ्या खडकाच्या आडोशाला. तिच्यावर फक्त चहा. हे अंतर जानकीनं चालून मोजून दिलं होतं. कुंदानं ऐकून घेतलं.

बायका चहा प्यायला तिकडे जाऊन बसल्या. हसण्याचे आवाज येत होते. जानकी चुलीपाशी, कान टोपाकडे, पण डोळे तिकडे. कोण किती वेळ बसली, दुसरा कप कोणी घेतला, रत्नप्रभानं कुंदाच्या पाठीवर थाप कशी मारली, हे सगळं तिनं नंतर मला क्रमवार सांगितलं. एवढं सगळं बघताना टोपाचं ऐकायचं राहिलं. करपल्याचा वास मला आधी आला, तिला नंतर. वरचा भात चांगला होता. झाडाला दाखवला, पंगत बसली, बुडाला लागलंय हे सगळ्यांना कळलं आणि कोणी काही म्हटलं नाही, ते जास्त वाईट. जानकी मान खाली घालून वाढत होती.

कुंदानं ताट पुढे केलं. "काकू, मला खालची खरवड द्या."

जानकीचा हात थांबला. "कित्याक?"

"मला तीच आवडते. आमच्या घरी भांडणं व्हायची त्याच्यावरून."

जानकीनं तिच्या तोंडाकडे नीट बघितलं, मोठ्यानं हसायला लागेल की काय म्हणून. मग उलथणं घालून खरवड काढली आणि तिच्या ताटात वाढली, करपलेल्या काळ्या कडा वेगळ्या करून. कुंदानं ती बोटांनी मोडून खाल्ली आणि पुन्हा मागितली.

उतरताना जानकी माझ्याजवळ आली. "बाई, खरांच आवडता तिका, का माका चिडवूक मागल्यान?"

"विचार की तिलाच."

"माझां खेटार इचारता," जानकी म्हणाली.

आम्ही पुढे आठ-नऊ वर्षं वर जात होतो, इमारतीमागे नवे टॉवर येईपर्यंत. दर वर्षी कुंदा खरवड मागायची, दर वर्षी जानकी उतरताना मला तोच प्रश्न विचारायची, आणि मी तेच उत्तर द्यायचे. फक्त भात त्यानंतर दर वर्षीच बुडाला थोडा लागायला लागला. कोणी विचारलंच तर ती म्हणायची, वखारवाल्यानं ओलं लाकूड दिलं.